कशावर काय?

“ही फरशी घसरडी नाही ना?”

फरशीच्या दुकानात हा प्रश्न रोज विचारला जातो. आत्याच्या न्हाणीघराचं काम काढलं तेव्हा मी तिच्यासोबत गेलो होतो. आत्या बहात्तर वर्षांची, एकदा पडून गुडघा दुखावून घेतलेली, त्यामुळे रंग, आकार, भाव सगळं या एका प्रश्नापाशी अडलं होतं. दुकानदारानं एक खडबडीत राखाडी नमुना काढला. “काकू, मोरबीचा माल आहे. अँटी-स्किड. आर-१०.” नमुना जमिनीवर ठेवून त्यानं त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. “द्या पाय. चपलेसकट द्या.”

आत्यानं पाय दिला, दाबून पाहिला, मागे-पुढे केला. चप्पल हलली नाही. मग चप्पल काढत ती म्हणाली, “मी काय चपला घालून आंघोळ करते?”

दुकानदार हसला, मीही हसलो. पण आत्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. फरशी घसरडी आहे का, या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण तो अर्धाच आहे. कोणाच्या पायाखाली? अनवाणी की चपलेत? कोरडी की साबणाच्या पाण्यात? हा उरलेला अर्धा प्रश्न विचारला की मग एक आकडा मिळतो. त्याचं नाव घर्षणांक. शाळेच्या पुस्तकात ‘घर्षण गुणांक’ असंही वाचलेलं आठवेल.

१. टाळीला दोन हात

लोखंडाची घनता विचारली तर उत्तर देता येतं. पाणी किती अंशांवर उकळतं हेही सांगता येतं. हे त्या-त्या पदार्थाचे स्वतःचे गुण आहेत. घर्षणांक तसा नाही. ‘रबराचा घर्षणांक’ असं काही नसतं. रबराचा कोरड्या काँक्रीटवरचा घर्षणांक असतो, ओल्या काँक्रीटवरचा वेगळा असतो आणि बर्फावरचा त्याहून वेगळा.

टाळी एका हातानं वाजत नाही आणि ती किती मोठी वाजली याचं श्रेय एकट्या उजव्या हाताला देता येत नाही. घर्षणाचंही तसंच. आकडा नेहमी जोडीचा असतो आणि जोडीच्या मधे काय शिरलंय त्यावर तो बदलतो. पाणी, तेल, धूळ, साबण, शेवाळ यांपैकी काहीही मधे आलं की जोडी तीच राहते, पण आकडा पालटतो. म्हणून घर्षणांकाबद्दल कोणी काही सांगू लागलं की आपण आधी विचारायचं, ‘कशावर काय, आणि मधे काय?’ या प्रकरणाचं निम्मं शहाणपण या प्रश्नातच आहे.

२. आकडा येतो कुठून?

आता आकड्याकडे वळू. तांदळाचं ५० किलोचं पोतं शहाबादी फरशीवर पडलंय. त्याला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला रद्दीवाला वापरतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवला. काटा आडवा धरून ओढायला लागलो. काटा ५ दाखवतो, १० दाखवतो, १५ दाखवतो, पोतं ढिम्म. २० वर गेला आणि पोतं सुटलं.

म्हणजे ५० किलो वजनाचं पोतं हलवायला २० किलो वजनाइतकी ओढ लागली. २० भागिले ५०, म्हणजे ०.४. या पोत्याचा या फरशीवरचा घर्षणांक ०.४.

आता त्याच पोत्यावर तसंच दुसरं पोतं टाका. खालच्या फरशीवरचा दाब १०० किलोचा झाला. काटा किती दाखवील? साधारण ४०. चार पोती रचली तर ८०. ओढ वाढत गेली, पण ओढ आणि दाब यांचं प्रमाण मात्र ०.४ च राहिलं. पोत्यांची संख्या बदलली तरी हा आकडा हलत नाही, म्हणूनच तो उपयोगी पडतो. एकदा मोजून ठेवला की दहा पोत्यांना किती माणसं लागतील हे आधीच सांगता येतं.

व्याख्या एवढीच: एका पृष्ठावरून दुसरं पृष्ठ घसरवायला लागणारं बल भागिले ती दोन पृष्ठं एकमेकांवर ज्या बलानं दाबली गेली आहेत ते बल. बलाला बलानं भागल्यामुळे या आकड्याला किलो, मीटर असं कुठलंच एकक उरत नाही. भौतिकशास्त्रात तो ‘म्यू’ या ग्रीक अक्षरानं लिहितात.

व्याख्येतला ‘दाब’ हा शब्द नीट पाहा. तिथे ‘वजन’ म्हटलेलं नाही. सपाट फरशीवर दोन्ही एकच असतात, पण नेहमी नाही. भिंतीवर हाताचा पंजा दाबून धरला तर पंजाचं वजन भिंतीवर शून्य, तरी दाब आहे आणि दाब आहे म्हणून घर्षणही आहे. बरणीचं घट्ट झाकण फिरवताना आपण ते आवळून धरतो तेही दाब वाढवायला. हात ओला असेल तर आकडा घसरतो आणि मग कितीही आवळलं तरी हातच फिरतो. अशा वेळी आई पदर धरून झाकण उघडते, म्हणजे जोडीतला एक भिडू बदलते.

३. आडवी वीट, उभी वीट

इथे हमखास एक शंका येते. वीट आडवी ठेवली तर तिचा मोठा भाग जमिनीला टेकतो, उभी ठेवली तर थोडाच. मग आडवी वीट ओढायला जास्त जोर लागत असणार ना?

लागत नाही. काटा लावून पाहा, दोन्ही वेळा जवळपास तोच आकडा येतो.

याचं आश्चर्य वाटलं तर वाईट वाटून घेऊ नका. लिओनार्दो दा व्हिंचीनं १४९० च्या दशकात आपल्या वह्यांत ठोकळे आडवे, उभे, कडेवर ठेवून ओढल्याची चित्रं काढली आणि हेच टिपून ठेवलं. पण त्या वह्या शतकानुशतकं पडून राहिल्या. दोनशे वर्षांनी, १६९९ साली, गियोम आमोंतों या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे दोन नियम स्वतंत्रपणे मांडले. एक, घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. दोन, टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. दुसरा नियम अकादमीतल्या विद्वानांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी एका सदस्याला प्रयोग पुन्हा करून बघायला सांगितलं. त्याचंही उत्तर तेच आलं.

हे असं का होतं, हे मात्र विसाव्या शतकात नीट कळलं. दोन फणस एकमेकांवर टेकवून बघा. लांबून वाटतं, चांगले चिकटून बसलेत. जवळ जाऊन पाहिलं तर फक्त काट्यांची टोकं टोकांना लागलेली, बाकी सगळी पोकळी. आपल्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणारी प्रत्येक गोष्ट, मग ती काच असो की पॉलिश केलेलं पोलाद, सूक्ष्मदर्शकाखाली फणसच असते. केंब्रिजमध्ये फिलिप बाउडेन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३० च्या दशकात दोन धातूंमधून वीज किती सहज वाहते ते मोजून खरा स्पर्श किती असतो याचा अंदाज घेतला. सपाट पोलादी पृष्ठांत खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्राच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरू शकतो, असं निघालं.

आता वीट पुन्हा पाहा. आडव्या विटेखाली पुष्कळ टोकं आहेत, पण वजन सगळ्यांत वाटलं गेल्यानं प्रत्येक टोक जेमतेम दबलंय. उभ्या विटेखाली टोकं थोडी, पण प्रत्येकावर भार मोठा, म्हणून ती जास्त चेपून पसरली आहेत. थोड्या माणसांनी जास्त काम केलं काय किंवा जास्त माणसांनी थोडं थोडं केलं काय, बेरीज सारखीच. विटेवर वीट ठेवली तर टोकं आणखी चेपतात, खरा स्पर्श दुप्पट होतो आणि घर्षणही दुप्पट. आमोंतोंचे दोन्ही नियम या एका चित्रात बसतात.

४. पहिला धक्का जड का?

घर बदलताना लोखंडी कपाट सरकवलं असेल तर हे तुमच्या खांद्याला माहीत आहे. दोघं-तिघं मिळून ‘एक, दोन, तीन’ करत रेटतात, कपाट हलत नाही. मग एकदाचं हलतं आणि पुढे तेवढा जोर लागत नाही. मध्येच दम खायला थांबलं की पुन्हा सुरुवातीचा जोर.

म्हणजे एकाच जोडीचे दोन आकडे आहेत. थांबलेली वस्तू हलवताना लागतो तो स्थितिक घर्षणांक आणि सरकती वस्तू सरकत ठेवताना लागतो तो गतिक घर्षणांक. पहिला बहुधा मोठा, दुसरा लहान. हा भेद स्पष्ट मांडला लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं, १७५० च्या सुमाराला. पुढे शार्ल कुलोंबनं १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगितलं की एकदा सरकू लागल्यावर वेग थोडा कमी-जास्त झाला तरी गतिक घर्षण फारसं बदलत नाही. विजेच्या भारांचा नियम ज्याच्या नावानं शिकतो तोच हा कुलोंब. मूळचा लष्करी अभियंता, त्यामुळे दोरखंड, लाकूड, जड ओझी यांच्याशी त्याचा रोजचा संबंध.

स्थितिक घर्षणाची आणखी एक गंमत पोत्याच्या प्रयोगात होऊन गेली. काटा ५ दाखवत होता तेव्हा फरशीचं घर्षण किती होतं? २० नव्हे, ५ च. आपण १५ नं ओढलं तेव्हा ते १५ झालं. समोरचा जेवढा जोर लावील तेवढाच उलटा जोर स्थितिक घर्षण लावतं आणि २० ही त्याच्या सहनशक्तीची हद्द. घर्षणांक ही हद्द सांगतो. हे ध्यानात ठेवलं नाही तर परीक्षेत निम्मी गणितं चुकतात.

दोन आकड्यांतल्या फरकावर रस्त्यावर जीव वाचतात. फिरत्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीवर स्थिर असतो, त्यामुळे मोठा, स्थितिक आकडा कामाला येतो. घाबरून ब्रेक गच्च दाबला की चाक फिरायचं थांबतं, टायर फरफटत जातो आणि आपल्या वाट्याला लहान, गतिक आकडा येतो. शिवाय फरफटणारं चाक वळवता येत नाही. एबीएस ही यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेक वेळा सोडून-धरून चाक अडकू देत नाही. भारतात १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली.

५. घरी मोजायची रीत

स्प्रिंगचा काटा नसला तरी अडत नाही. एक फळी, मोजपट्टी आणि थोडा धीर पुरतो.

फळीवर वस्तू ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. एका विशिष्ट उतारावर वस्तू घसरायला लागेल. तिथेच थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. मग त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. उंची भागिले आडवं अंतर, हा तुमचा स्थितिक घर्षणांक. उंची ९ सेंटिमीटर आणि आडवं अंतर ३० सेंटिमीटर असेल तर ०.३.

वजन करायची गरज पडली नाही हे लक्षात आलं का? उतारावर वजनाचे दोन वाटे होतात. एक वस्तूला फळीवर दाबतो, दुसरा तिला खाली ओढतो. वस्तू जड असली तर दोन्ही वाटे सारख्याच पटीत वाढतात आणि भागाकार तोच राहतो. म्हणून घसरगुंडीवर सडपातळ पोरगा आणि गुबगुबीत पोरगा सारखेच घसरतात. कोणी मागे राहिलाच तर चड्डीच्या कापडाकडे बघायचं, वजनाकडे नाही. खळ्यात ज्वारी ओतत गेलं की राशीचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे चढत नाही, वरून टाकलेले दाणे घरंगळत खाली येतात. दाण्यांची आपसातली धरून ठेवायची हद्द तिथे दिसते, त्यात दाण्याच्या आकाराचाही हात असतो.

आत्यासाठी मी दुकानातून दोन नमुने मागून आणले होते, एक तुकतुकीत आणि एक तो राखाडी खडबडीत. दोन्ही फूटभर लांबीचे. जुन्या स्लिपरच्या टाचेचा तुकडा कापून वर ठेवला आणि नमुने उचलत गेलो. कोरड्या खडबडीत फरशीवर तुकडा घसरला तेव्हा उंची १७ सेंटिमीटर, आडवं अंतर २५. म्हणजे ०.६८. कोरड्या तुकतुकीत फरशीवर उंची १८, आडवं अंतर २४. म्हणजे ०.७५.

मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तुकतुकीत फरशीची पकड खडबडीतपेक्षा जास्त!

विचार केल्यावर उलगडा झाला. रबर मऊ आहे. गुळगुळीत कोरड्या पृष्ठावर ते अंग पसरून बसतं, खरा स्पर्श वाढतो. खडबडीत पृष्ठावर त्याला टोकांवरच टेकावं लागतं. ‘खडबडीत म्हणजे जास्त घर्षण’ हे समीकरण शाळेतून आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण ते नेहमी चालत नाही.

मग अंघोळीच्या साबणाचं पाणी दोन्हीवर ओतलं. खडबडीत फरशीवर उंची ११, आडवं अंतर २८, म्हणजे ०.३९. तुकतुकीत फरशी मात्र ५ सेंटिमीटर उचलताच तुकडा सुळकन खाली आला. आडवं अंतर साडेएकोणतीस, म्हणजे फक्त ०.१७. उंचवटे असलेल्या फरशीवर पाणी खळग्यांत उतरतं आणि टोकं उघडी राहतात. सपाट फरशीवर साबणाच्या पाण्याचा थर मधे बसून राहतो, रबर त्यावर तरंगतं. दुकानात कोरडी फरशी चोळून पाहणाऱ्यांनी काय निवडलं असतं, ते सांगायला नको.

६. कधी कमी हवं, कधी जास्त

घर्षण म्हणजे नुकसान, असा समज का कोण जाणे रुजलाय. प्रत्यक्षात माणसं हा आकडा गरजेप्रमाणे वर-खाली करत आली आहेत.

कॅरमच्या बोर्डावर बोरिक पावडर भुरभुरतात. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की दाणे नुसते फिरतात, म्हणून पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतात. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. चढायच्या खांबाला तेल कशाला, असं नवख्याला वाटतं. पण कोरड्या लाकडावर कातडी अडकते, सोलपटते आणि अंग सफाईनं फिरत नाही. तेल आकडा खाली आणतं आणि खेळाडू अढी घालून, म्हणजे मांड्यांनी खांब आवळून, दाब वाढवतो. आकडा कमी, दाब जास्त. पकड किती हवी हे आता खांब ठरवत नाही, खेळाडू ठरवतो.

आकडा जास्त हवा असण्याचं मोठं उदाहरण बोरघाटात आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारा हा रेल्वेचा घाट १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत प्रवाशांचे वडे खाऊन होतात. पण बँकर लागतात कशाला?

गणित सोपं आहे. समजा गाडी १,००० टनांची आणि इंजिन १२० टनांचं, एकूण १,१२०. चढामुळे मागे ओढणारं बल याच्या सदतिसाव्या भागाइतकं, म्हणजे सुमारे ३० टन वजनाइतकं. इंजिनाच्या पोलादी चाकांचा कोरड्या पोलादी रुळांवरचा वापरता येण्याजोगा घर्षणांक ०.२५ धरू. इंजिनाच्या १२० टनांचा पाव हिस्सा, ३० टन. म्हणजे कोरड्या रुळांवर कसंबसं जमेल, तेही कागदावर. पावसानं आकडा ०.१५ वर आला की इंजिनाची ओढ १८ टनांच्या पुढे जात नाही. मोटारीत कितीही ताकद असो, चाकं जागच्या जागी भिरभिरतील. जादा इंजिन जोडलं की रुळांवर दाबणाऱ्या ओढत्या चाकांचं वजनच वाढतं. शिवाय इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाकं फिरू लागली की दाबाच्या हवेनं चाकापुढे वाळू फेकली जाते. पोलाद आणि पोलाद यांच्या मधे काय, या प्रश्नाचं रेल्वेनं शोधलेलं उत्तर म्हणजे वाळू.

चाक लोळताना होणारा विरोध ही निराळी गोष्ट आहे आणि ती घसरण्याच्या विरोधापेक्षा फार लहान असते. तिच्यासाठी पुढचं प्रकरण राखून ठेवलंय.

७. गाडी कुठे थांबेल?

दुचाकी ताशी ६० किलोमीटरनं चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर कुत्रं आलं. किती अंतरात थांबाल?

थांबवणारं बल फक्त टायर आणि रस्ता यांच्यामधलं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक पूर्ण लागल्यापासून सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर सुमारे ३५. जोडीचा आकडा बदलला आणि एका बसइतकं अंतर वाढलं. याच्या आधी ‘अरे!’ म्हणून ब्रेककडे हात-पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १७ मीटर. वेग दुप्पट केला तर ब्रेकनंतरचं अंतर चौपट होतं.

मागे कोणी बसलं म्हणून हे अंतर बदलतं का? कागदावर नाही. वजन वाढलं की थांबवायचा माल वाढतो, पण रस्त्यावरचा दाबही वाढतो, दोन्ही कटतात. घसरगुंडीवरचीच गंमत इथे पुन्हा भेटते.

सगळ्यात वाईट आकडा पाऊस धो-धो पडताना येतो असंही नाही. तो येतो पहिल्या सरीत. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, गाड्यांचं तेल, टायरची झीज साचलेली असते. जोराचा पाऊस ती धुऊन नेतो. पहिली सर मात्र तेवढी नसते, ती या सगळ्याचा नुसता लगदा करते. रस्ता तोच, टायर तोच, पण मधे आता निराळंच काहीतरी आहे.

८. आकड्यावर विसंबावं किती?

पुस्तकांत घर्षणांकांचे तक्ते असतात. लाकडावर लाकूड ०.२५ ते ०.५. कोरड्या काँक्रीटवर रबर ०.६ ते ०.८५, कधी त्याहून जास्त. टेफ्लॉनवर टेफ्लॉन साधारण ०.०४, तव्यावर लेप असतो तेच हे टेफ्लॉन. ‘०.२५ ते ०.५’ पाहून विद्यार्थी वैतागतात. दुप्पट फरक असलेला हा कसला तक्ता? पण लाकूड कोणतं, रंधा मारलेलं की नाही, ओलं की सुकं, धूळ किती, हे सगळं त्या एका ओळीत कोंबलेलं असतं. घर्षणांक हा मोजून काढायचा आकडा आहे. दोन पदार्थांची नावं सांगितली म्हणून तो सूत्रातून पडत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे घर्षणांक १ च्या वर जात नाही. जातो. शर्यतीच्या गाड्यांचे मऊ, तापलेले टायर १ ओलांडतात. अगदी स्वच्छ धातू निर्वात जागेत एकमेकांवर घासले तर आकडा खूप वर जातो, प्रसंगी ते एकमेकांना जोडलेच जातात, कारण मधली हवा आणि गंजाचा पातळ पडदा निघून गेलेला असतो. आणि रबरासारख्या मऊ पदार्थांत आमोंतोंचे नियम नेमके लागू पडत नाहीत, क्षेत्रफळाचाही थोडा परिणाम होतो. शर्यतीचे टायर रुंद असतात ते काही अंशी यामुळे. नियम चांगले आहेत, पण ते गावातल्या रस्त्यासारखे आहेत. बहुतेक ठिकाणी नेऊन सोडतात, बांधाबांधानं नेत नाहीत.

९. पुन्हा दुकानात

नमुने परत करायला गेलो तेव्हा ‘आर-१०’ म्हणजे काय ते बघून गेलो होतो. ही जर्मन चाचणी आहे. फरशी एका कलत्या मंचावर बसवतात, तिच्यावर तेल ओततात आणि बूट घातलेला माणूस, सुरक्षेचा पट्टा बांधून, मागे-पुढे चालत राहतो. मंच हळूहळू उचलतात. १० ते १९ अंशांच्या मधे तोल गेला तर आर-१०, १९ ते २७ च्या मधे आर-११. माझ्या स्लिपरच्या तुकड्याचाच प्रयोग, फक्त जिवंत माणसावर केलेला.

म्हणजे खोक्यावरचा आकडा बूट आणि तेल यांचा होता. कारखान्याच्या जमिनीला तो ठीक. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांच्यासाठी वेगळी चाचणी आहे आणि तिचे दर्जे ए, बी, सी असे आहेत. ए साठी निदान १२ अंश, बी साठी १८, सी साठी २४. आत्याचा ‘मी काय चपला घालून आंघोळ करते?’ हा प्रश्न जर्मनीतल्या प्रयोगशाळेनं तिच्या आधीच गंभीरपणे घेतला होता.

दुकानदाराला ए-बी-सी विचारलं तर तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं कॅटलॉग उलटापालटा केला, मागच्या पानावर बारीक अक्षरांत एका फरशीपुढे ‘बी’ सापडलं. आत्यानं तीच घेतली. रंग तिला आवडला नव्हता.

गवंडी कामाला लागल्यावर तिनं त्याला नळाशेजारच्या भिंतीपाशी बोलावलं, कमरेच्या उंचीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथं धरायला स्टीलचा दांडा बसव. फरशी झाली, पाय माझाच आहे. पण मधे कधी काय सांडेल, ते कोणी सांगावं?”